माघारीचा अर्धा तास

मी सिंगापूरला निघाले त्या दुपारी आमच्या नाशिकच्या सोसायटीची वार्षिक सभा चालू होती, आणि माझे वडील तिचे सेक्रेटरी होते. टॅक्सी गेटशी उभी, बॅगा डिकीत, आई दह्याची वाटी घेऊन जिन्यात, आणि आप्पा पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या गराड्यात पाण्याच्या मोटरीवर ठराव मांडतायत! ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला तेव्हा कुठे सभा तहकूब करून आले. मागे अख्खी कमिटी. "चार माणसं जोड गं तिकडे," म्हणाले, आणि लगेच वळून ओरडले, "कोणी उठू नका, कोरम मोडेल!" आई खिडकीतून वाकून म्हणाली, "माणसं जोड, पण कमिटीत शिरू नकोस. एक पुरे झाला घरात." मी घोटीपर्यंत आप्पांवर धुमसत होते.

आईचं मी ऐकलं. बुओना व्हिस्टाला एका कॉन्डोत, इथल्या सोसायटीतच, मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आधीच घर लावून ठेवलं होतं. मी फिजिओथेरपिस्ट, मला नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमध्ये काम मिळालं. इथल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जायचं, मोदक हाणायचे, खुर्च्या उचलू लागायचं, आणि कोणी "यंदा कार्यकारिणीत या ना," म्हणालं की मला घरी लावलेलं वॉशिंग मशीन आठवायचं. तुम्हा तिकडच्या मंडळींना वाटतं आम्ही इथे मॉलमध्ये फिरत असतो. अहो, आम्ही इथेसुद्धा बॅनरवर कोणाचं नाव आधी, यावरून अबोला धरतो.

समोरच्या फ्लॅटमध्ये हालिना राहायची. युक्रेनची, ल्विव शहरातली, वन-नॉर्थच्या एका लॅबमध्ये संशोधन करणारी. ती मला बीटाचं सूप आणून द्यायची, मी तिला थालीपीठ. इथल्या युक्रेनी लोकांचं एक लहानसं मंडळ होतं आणि ते तिच्याच जिवावर चालायचं. शनिवारी मुलांना त्यांची भाषा शिकवायची, ईस्टरला अंड्यांवर मेणाने नक्षी काढायची, वर्षातून एकदा सगळ्यांनी भरतकामाचे सदरे घालून समुद्रावर जेवायला जायचं. तिच्याकडे मीटिंग असली की दारातून आवाज यायचे. शब्द एक कळायचा नाही, पण भांडण कशावरून आहे ते मला बरोब्बर कळायचं. खुर्च्या कोण आणणार आणि भाषण आधी कोणाचं! मी कान देऊन उभी राहिले की इथेच जन्मलेली माझी लेक म्हणायची, "आई, डोन्ट बी सो केपो, लाह!" केपो म्हणजे नसत्या ठिकाणी नाक खुपसणारी. तिला काय माहीत, आईचं माहेर समोरच्या फ्लॅटमध्ये आलंय ते.

मग २०१४ साल उजाडलं. कीवच्या चौकात सरकारविरुद्धच्या आंदोलनात माणसं मेली, क्रिमिया रशियाने घेतला, पूर्वेला लढाई पेटली. हालिनाचा भाऊ त्या थंडीत चौकात उभा होता. तिची झोप उडाली. इथे परदेशी माणसाने रस्त्यावर येऊन घोषणा द्यायची सोय नाही, त्यामुळे तिकडचा सगळा राग त्या इवल्याशा मंडळात येऊन साठला. त्यात अध्यक्षांची बदली होऊन ते दुसऱ्या देशात गेले. जागा रिकामी झाली आणि नावं दोन आली. एक हालिनाचं, दुसरं आंद्रीचं.

आंद्री माझा पेशंट. जहाजदुरुस्तीतला इंजिनिअर, खांदा आखडलेला. गाव दोनेत्स्क, म्हणजे जिथे लढाई चालू होती तेच. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या रशियनच बोलत. आई एकटी तिथेच अडकलेली, फोन लागला तर लागला. हालिनाच्या बाजूचे म्हणत होते, शत्रूच्या भाषेत सभा चालली तर आम्ही उठून जाऊ. आंद्रीच्या बाजूचे म्हणत होते, ही आमच्या आईची भाषा आहे, आम्हीच वेगळं मंडळ काढतो. मंडळ फुटणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवायला नको.

एकदा मी त्याचा हात वर नेत होते तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "गावात मला म्हणतात तू कीवचा. इथे म्हणतात तू रशियाचा. हे मंडळ मोडलं तर मी युक्रेनी असायचं तरी कुठे?" मी त्याचा हात तसाच धरून उभी राहिले.

शेवटी दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की सभा बाहेरच्या माणसाने इंग्रजीत चालवावी. हालिनाची शेजारीण आणि आंद्रीची फिजिओ, अशी बाई अख्ख्या बेटावर एकच होती. मी नाशिकला स्काइप लावला. आप्पा चष्मा सावरून असे बसले, जसा काही आमदारकीचा सल्ला मागितलाय. "नावं आली की लगेच मतदान घ्यायचं नाही. माघारीला अर्धा तास ठेवायचा आणि त्यात चहा द्यायचा. खरी सभा चहातच होते." मागून आईचा आवाज आला, "झालं! शिरली शेवटी!"

सभा आमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये, स्विमिंग पूलच्या कडेला. मी घरून चिवडा नेला होता. दोन्ही नावं वाचली आणि ऐटीत जाहीर केलं, की आता अर्धा तास माघारीसाठी, ज्यांना नाव मागे घ्यायचं त्यांनी माझ्याकडे यावं. हॉल एकदम गार पडला. त्यांच्याकडे अशी पद्धतच नव्हती! त्यांना वाटलं मला कोणीतरी पढवलंय आणि हा आंद्रीला काढायचा डाव आहे. त्याचा चेहरा पडला. दोनचार माणसं पिशव्या आवरायला लागली. मेले, म्हटलं, आप्पांच्या नादी लागून मी या लोकांचं मंडळ मोडलं. घाईघाईने चहा ओतायला लागले. म्हटलं, प्या तरी, मग जा.

कप द्यायच्या निमित्ताने हालिना माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माझं नाव काढ. मी उभी राहिले तर तो जाईल, आणि त्याला जायला दुसरी जागा नाही." मी मान डोलावते न डोलावते तोच दुसऱ्या बाजूने आंद्री आला. "माझं नाव मागे घे. ती रागावून गेली तर पोरांची शनिवारची शाळा कोण चालवेल?"

दोघांनी माघार घेतली तर काय करायचं, हे आप्पांनी सांगितलंच नव्हतं! मी आपली उभी राहिले आणि खरं ते सांगून टाकलं. दोघांनी का नाव काढलं तेही सांगितलं. आता उमेदवारच नाही, म्हटलं. मग मागून कोणीतरी फस्सकन हसलं, आणि मग हॉलभर हशा.

हसू ओसरलं तसा आंद्री उठला आणि त्याने हालिनाचं नाव सुचवलं. युक्रेनीत. शाळेत शिकलेलं, अडखळत, तिसरीतल्या पोराने धडा वाचावा तसं. एकाने मध्ये चूक सुधारायला तोंड उघडलं, तर हालिनाने त्याच्याकडे असं बघितलं की तो चिवडाच खायला लागला. मग ती उठली आणि रशियनमध्ये बोलली. त्यांच्यातल्या एक बाई माझ्या शेजारी बसून मला इंग्रजीत सांगत होत्या. पद घेते, पण आंद्री सेक्रेटरी झाला तर, असं म्हणाली. मला रडू आलं. यांचं मंडळ, यांची भांडणं, आणि मी नाशिकची बाई डोळे पुसतेय!

खुर्च्या आवरत असताना आंद्रीचा फोन वाजला. आईचा. कितीतरी दिवसांनी लाइन लागली होती. आवाज नीट येईना म्हणून त्याने स्पीकर लावला, तशी सगळी आपापसांत कुजबुजत ऐकायला लागली. म्हातारीचा आवाज बारीक, पण ठणठणीत. कशी आहेस, खायला आहे का, खिडक्या शाबूत आहेत का, तो विचारत होता. तिला ते सांगण्यात रसच नव्हता. मघाच्या बाईंनी मला तिचं बोलणं कानात सांगितलं, "ती विचारतेय, तू घरी आहेस ना? मागे एवढी माणसं कोणाची?"

तुम्ही मला फोनवर विचारता ना, की तुझं घर आता नक्की कुठलं? नाशिकचं की तिकडचं? मला तेव्हा आंद्रीच आठवतो. पूलच्या काठी भाड्याच्या हॉलमध्ये उभा, एका हातात फोन, दुसऱ्या हातात खुर्ची, समोर हालिना उष्टे कप गोळा करतेय.

"हो आई," तो म्हणाला, "घरीच आहे. आपलीच माणसं आहेत."