उतारावरचा लाल्या

"गोठ्याशेजारचा उतार लाल्याचा. तितं दुसरं काय लावायचं न्हाय, आन् का म्हणून इचारायचं न्हाय."

आमच्या कन्हेरीच्या घरात मला शिकवलेला हा पहिला नियम. बाराखडी नंतर आली. लाल्या म्हणजे माझ्या आजोबांचा, आबांचा, जुना लाल ट्रॅक्टर. आणि ज्या घरात 'का' विचारायची बंदी असते, त्या घरात किस्से भराभर साठतात. आमच्याकडे इतके साठले की कॉलेजात डबा उघडायच्या आधी मैत्रिणी विचारायच्या, "स्वाती, आज लाल्यानं काय केलं?"

तर उतार असा. मुरूम टाकून, चोपून केलेला, गोठ्यापासून थेट रस्त्यापर्यंत. लाल्या वर उभा. सकाळी आबा बसणार, ब्रेक सोडणार, गाडी गडगडत निघणार, मध्यावर क्लच सोडला की एक हिसका आणि धड-धड-धड! लगेच समोरच्या कट्ट्यावरून आवाज, "बघा! आजून एका झटक्यात!"

कट्ट्यावर माणसं कायमची. आबा, शेजारचे मारुतराव आणि आबांचे धाकटे भाऊ तात्या. तात्यांची डाळिंबाची बाग तिकडे शेळगावात, पण जीव आमच्या कट्ट्यावर.

मी बारामतीत मेकॅनिकलला गेले आणि पहिल्याच सुट्टीत विचारलं, "आबा, हा सपाटीवर चालू होतो का हो?"

मी देवघरात चपला घालून शिरले असते तरी बरं, असं तिघांनी माझ्याकडे बघितलं.

आई आतून म्हणाली, "मी लग्न करून आले तवा सासूबाईंनी मोरी नंतर दावली, उतार आधी दावला. माझी तुळस दोनदा हलली ह्या घरात. लाल्या न्हाय हलला!"

*

मागच्या वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवा ट्रॅक्टर घेतला. निळा. पॉवर स्टिअरिंग, चारही चाकांना ओढ, समोर डिस्प्ले. मी त्याच दिवशी घरात सांगून टाकलं, "यंदा सीझनला रोटाव्हेटर लावून आजूबाजूच्या गावांत मशागतीची भाड्याची कामं मी करणार. मी स्वतः चालवणार."

ट्रॅक्टर मला आबांनीच शिकवलेला बरं का, लाल्यावर, घरच्या रानात. पण रस्त्यावर न्यायची वेळ आली की हाक सागरला. सागर तात्यांचा नातू, माझ्याच वयाचा.

आबांनी नव्याची चावी अण्णांच्या हातातून घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली. "लाल्यापक्षा ह्यो भारी हाय ते दाव. मग चावी तुझी. न्हाय तर सागर चालवंल."

"आणि भारी आहे की नाही ते ठरवणार कोण?"

"आमी!"

*

नव्याची पहिली परीक्षा मारुतरावांनी घेतली. लाल्याचं स्टिअरिंग वळवायचं म्हणजे खांद्यातून जोर काढावा लागतो. सगळं आयुष्य तसंच वळवलेला माणूस! मारुतराव नव्यावर बसले, बांधाजवळ आले आणि सवयीनं दात-ओठ खाऊन स्टिअरिंग ओढलं.

ट्रॅक्टर जागच्या जागी असा फिरला की मारुतराव शेताकडे निघाले होते ते थेट घराकडे तोंड करून उभे! मधे आईची मेथी होती. होती.

उतरले, धोतर झटकलं आणि कट्ट्यावर निकाल दिला. "ह्याला स्टिअरिंग हाय का फ्यान? बोटानं फिरतंय! ट्रॅक्टर चालवून खांदा दुखला न्हाय, तर चालवला कशावरून?"

आबांनी मान डोलावली. चावी परत बंडीत.

*

मग तात्या नवा घेऊन गेले शेळगावला, बागेत काम काढायला. दोन दिवसांनी फोन. "अण्णा, तुझा निळा गळाटला! चढाला दम टाकतोय. मी सांगितलं हुतं, नव्यात ताकद न्हाय."

माझी स्कूटी काढली आणि गेले. बघते तर डिस्प्लेवर तात्यांचा टॉवेल बांधलेला. घट्ट, गाठ मारून.

"तात्या, हे काय?"

"आगं, तितं एक लाल दिवा सारखा डोळं मारतोय. काम करताना ध्यान जातं."

टॉवेल सोडला. दिवा एअर फिल्टरचा होता. फिल्टर काढून आपटला, तर शेळगावची निम्मी धूळ खाली पडली. परत बसवला, चालू केला, तर निळा चढ असा चढला की तात्या मागं राहिले.

मला वाटलं, आता तरी म्हणतील काही. तात्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "मग ते तोंडानं सांगायचं ना! दिवा लावून बसतंय, सुनंसारखं."

"तात्या, सुना तोंडानं सांगतात तेव्हा तुमी कुठं ऐकता?"

चावी? बंडीत!

*

ऊसतोडीच्या दिवसांत लाल्या दोन ट्रेलर लावून माळेगावला कारखान्यावर जातो. तिथं गाड्यांची रांग. बाकीचे ड्रायव्हर इंजिन बंद करतात, ट्रेलरखाली चटई टाकतात, झोपतात. आपला नंबर आला की उठून चावी फिरवायची, सेल्फ मारायचा.

सागर परत आला तो डोळे लाल, केसांत धूळ, कानाला काही ऐकू येईना. आबांनी कट्ट्यावर सगळ्यांना ऐकवलं, "अख्ख्या रांगंत एकटा लाल्या! नंबर येस्तोवर सारखा चालू. एकदा बंद पडला न्हाय!"

मी म्हटलं, "बंद पडला नाही, का बंद केला नाही?"

"चालू असलेला ट्रॅक्टर बंद करायचाच कशाला?"

"डिझेल जळतं म्हणून!"

"नव्याला सारखं बंद करावं लागतं, हितंच त्याची किंमत कळली," मारुतराव म्हणाले.

सागरला विचारलं, "तुला काय वाटतं रे?"

तो म्हणाला, "आं?"

*

शेवटी मी लाल्याच्या खाली शिरलेच. आबा जेवायला गेल्याची वेळ साधून. सेल्फ बिघडलाय का, त्याची वायर गेलीय, का बॅटरी उतरलीय, एकदा बघून टाकू म्हटलं.

सेल्फच नव्हता! नुसती जागा. तिच्यावर पत्र्याचा तुकडा ठोकून बसवलेला.

आत गेले. "आबा, लाल्याचा सेल्फ कुठंय?"

आबांनी भाकरीचा घास तोंडात टाकला. शांतपणे चावला. मग डाव्या हातानं लोखंडी कपाटाकडे बोट.

उघडलं, तर माझ्या आजीच्या शालूशेजारी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, तेल लावलेला, चकचकीत सेल्फ.

"कपाटात का ठेवलाय?"

"वापरला की झिजतो."

"आबा, तो वापरायलाच असतो!"

"आगं, येळंला असावा एकादा नवा."

तो सेल्फ माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे.

*

आता एवढं बोलले, तर लाल्याचा एक उपकारही सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, पोरगी डूख धरून आहे.

मला बघायला पाहुणे आले. मला न विचारता बोलावलेले. मुलाचे वडील, मामा, मुलगा, पांढरी मोठी गाडी. मी आत तोंड फुगवून पोह्यांत कोथिंबीर टाकत होते. पाहुण्यांनी मोकळी जागा बघितली आणि गाडी लावली. बरोबर उताराच्या खाली!

आबा बाहेर आले. रामराम नाही, या-बसा नाही. "गाडी काढा."

मुलाचे मामा हसले. "आबा, लावली की आता. ट्रॅक्टर कुठं निघालाय आत्ता?"

"निघाला तर?"

"पण निघालाय का?"

"पन निघाला तर?"

हे बराच वेळ चाललं. मामा म्हणाले, "आमचा मान राखा जरा." आबा म्हणाले, "आधी उतार राखा." अण्णा मधे पडले, तात्या मधे पडले, मारुतराव दोघांच्या मधे पडले. मामांचा चेहरा मिरचीसारखा झाला. पोहे आत, पाहुणे बाहेर, आणि थोड्या वेळानं पांढरी गाडी रस्त्याला!

त्या संध्याकाळी मी स्वतःहून लाल्या धुतला. चाकांच्या खाचेतला चिखलसुद्धा काढला.

*

तरी सीझन तोंडावर आला आणि चावी बंडीतच. मग मी सरळ कट्ट्यासमोर उभी राहिले. "आबा, शब्द दिला होता तुमी. शाळेमागच्या मैदानावर एकदा होऊन जाऊ द्या. लाल्या आणि निळा. तीच ट्रॉली, तेवढाच मुरूम, तोच चिखल. मग ट्रॉलीसकट रिव्हर्स, ड्रमांच्या मधून. जिंकले तर रोटाव्हेटर माझा. हरले तर सागरला चावी माझ्या हातानं देते, परत नाव काढणार नाही."

आबांनी मिशीवर हात फिरवला. "व्हय. होऊन जाऊ द्या."

निकाल देणार तात्या आणि मारुतराव. सागरनं उतारावरून लाल्या काढला, धड-धड करत मैदानावर आणला. आबांनी बंडीतून चावी काढून माझ्या हातात दिली, "तेवढ्यापुरती." अर्धं गाव कुंपणाला टेकून. तात्यांच्या काखेत गुलालाची पिशवी, आधीच आणलेली.

आधी ओढ. लाल्यानं ट्रॉली चिखलात घातली, मधे फसला, मागची चाकं गरगरली, काळा धूर आभाळात गेला. सागरनं रेस दाबून धरली आणि काढली की बाहेर! खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. मग मी गेले. चारी चाकांना ओढ लावली आणि आले. काटा-बिटा काही नाही, नुसती आले.

मग रिव्हर्स. सागरचा हात चांगला आहे, त्यात खोट काढणार नाही. पण ते स्टिअरिंग! शेवटच्या वळणाला त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, ट्रॉली तिरकी गेली आणि ड्रम ठणकन आडवा. मी ट्रॉली मागं घेतली, एकही ड्रम हलला नाही. कुंपणावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्यानं आईनं.

मैदानाच्या मधोमध दोन्ही ट्रॅक्टर शेजारी उभे. तात्या आणि मारुतराव बाजूला जाऊन कुजबुजले, परत आले. तात्यांनी घसा खाकरला, तोंड उघडलं. लाल्याच्या धडधडीत काही ऐकू येईना.

मारुतराव सागरकडे बघून ओरडले, "आरं बंद कर की ते! निकाल ऐकू दे लोकास्नी!"

सागरनं बंद केला.

"तर निकाल आसा," तात्या म्हणाले. "नव्यानं ट्रॉली वढली. त्यात काय इशेष? नवाच हाय त्यो, वढणारच. लाल्यानं ह्या वयात वढली! ड्रम पाडला म्हंता, पन पाडला कसा? दमात पाडला! तवा लाल्याच भारी. चावी सागरला."

मारुतरावांनी गुलाल उधळला. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चला, वाजत-गाजत घरला! लाल्या म्होरं, बाकी मागनं. सागर, घे चालू कर."

सागर जागचा हलला नाही. त्यानं समोर बघितलं. मागं बघितलं. शाळेमागचं मैदान पोरांच्या क्रिकेटसाठी मागच्याच वर्षी रोलर फिरवून सपाट केलंय. लिंबू ठेवलं तर घरंगळणार नाही.

आबांच्या लक्षात आलं. मिशीवर गुलाल तसाच. ते माझ्याजवळ आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "स्वाते, जरा निळ्याला दोर लाव गं. त्या बांधापतोर वढ त्याला. उताराला लागला की हुतोय चालू."

"नाही."

"आगं, जराच..."

"नाही ओढणार, आबा. तो जिंकलाय. जिंकलेल्यानं पुढं चालायचं असतं. आमी हरलेले त्याच्या पुढं कसं होणार?"

आबांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मारुतरावांकडे. मारुतराव गुलालाची रिकामी पिशवी घडी करत बसले, घडीवर घडी, घडीवर घडी.

मी निळ्याचं इंजिन बंद केलं आणि चावी काढून मुठीत धरली. म्हटलं, "बोला. आता सगळं ऐकू येतंय."