भाजणी वहिनीची होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी ऑफिसात कुणी कुणाचा डबा खाल्ला तेही सांगते. तुला सांगते. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी दुसरंच काहीतरी बरळत बसेन.

माझं काम लँडिंग पेज बनवायचं. म्हणजे फोनवर जाहिरात दिसली, बोट लावलं, की जे एकच पान उघडतं ना — ते. त्यावर एकच गोष्ट सांगायची, एक चेहरा दाखवायचा आणि एकच बटण ठेवायचं : मागवा. बस. लोक म्हणतात माझ्या हाताला गुण आहे. असेल.

माझं माहेर इथलंच, शहराच्या अन्नपूर्णा भागात. पणजोबा संस्थानाच्या दफ्तरात होते. आता दादा नोकरी करतो, मी बटणं रंगवते, पण आमचा तो तोरा काही जात नाही — आपल्यात असं नसतं, आपल्यात तसं करत नाहीत. ममता वहिनी आली देवासची, माळवी घरातली. तिनं काय केलं? आमच्या थालिपीठाच्या भाजणीत ज्वारी कमी करून मका घातला, खरपूस भाजून, वर सौंफ, म्हणजे बडीशेप. आई म्हणाली, मका? आपल्यात नसतो. आणि मग गपचूप तिसरं थालीपीठ वाढून घेतलं! मीसुद्धा. काय चव होती, अगं!

वर्षभरात शेजारपाजार मागायला लागला, तेव्हा दादानं ठरवलं, पाकिटं करू, विकू. पान अर्थात मी बनवायचं.

मी दोन बनवली. एकावर वहिनी — ओट्याशी उभी, हाताला पीठ, आणि तिची खरी गोष्ट : माळव्याचा मका मराठी भाजणीत कसा गेला. दुसऱ्यावर आई, नऊवारीत, आणि मथळा — संस्थानी घराण्याची चार पिढ्यांची भाजणी. कसल्या चार पिढ्या? पण आमच्या धंद्यात असं चालतं, मी स्वतःला म्हटलं. दोन्ही पानं चालवून बघायची. येणाऱ्यांतल्या निम्म्यांना हे, निम्म्यांना ते. ज्यावर ऑर्डर जास्त, ते ठेवायचं. वहिनी रोज विचारायची, ताई, काही कळलं का? ती त्या फोटोसाठी नवी साडी नेसली होती. देवासला फोन करून सांगूनही टाकलं होतं.

तर — सांगते. सांगतेच आहे.

वहिनीचं पान जिंकलं. थोडंथोडकं नाही, सरळ सरळ. लोक थांबत होते, वाचत होते, बटण दाबत होते. मी ते ऑफिसात बसून बघितलं आणि मला राग आला. आनंद नाही, राग! आमच्या घराचं नाव होणार, आणि चेहरा हिचा? काल आलेलीचा? आईसाठी वाईट वाटलं असं म्हणता येईल, पण आईचा त्यात काही संबंध नव्हता. मला जळत होतं, मलाच.

रविवारी सगळे जेवायला बसलो होतो. मी म्हणाले, टेस्ट झाली, लोकांना आईचा फोटो जास्त आवडला. वहिनी वाढत होती. म्हणाली, ठीकच आहे ना ताई, आईंचा चेहरा आहेच भरोशाचा. आणि आमटी वाढली. मला आधी.

पाकिटं चालली. आज तिकडे स्नेहलतागंज भागातल्या दुकानातही असतात. कार्यात लोक आईला म्हणतात, वा, तुमची भाजणी! वहिनी पहाटे उठून मका भाजते. नवीन काही करून बघणं तिनं सोडलं. पूर्वी रोज काहीतरी चाललेलं असायचं तिचं — लोणच्यात हे घाल, चटणीत ते. आता विचारलं तर म्हणते, अब क्या ताई, जे चालतंय ते चालू दे.

मग एकदा देवासहून तिचे वडील, बाबूजी, आले. सोफ्यावर बसून फोनवर ते पान उघडलं आणि बोटानं खाली सरकवत राहिले. शेवटापर्यंत गेले, परत वर आले. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, बेटा, इसमें हमारी ममता का नाम कहाँ आता है? तेव्हा सांगता आलं असतं. मी काय म्हणाले? म्हणाले, है ना बाबूजी, नीचे है, कभी-कभी खुलता नहीं. वयस्कर माणसाला, तोंडावर, हसून.

बाबूजी गेल्या थंडीत गेले. परवा वहिनी त्यांच्या आठवणी सांगत होती. म्हणे, जो घरी येईल त्याला ते पान दाखवायचे, म्हणायचे माझ्या मुलीचं नाव आहे यात, माझा फोन पुराना आहे म्हणून दिसत नाही. वहिनी हसत होती सांगताना. मी तिथून उठले.

पान मी आज बदललंय. वहिनीचा फोटो, वहिनीची गोष्ट, नाव सगळ्यात वर. त्यात काही मोठेपणा नाही, ते पहिल्या दिवशीच तिथे हवं होतं. आणि या रविवारी, सगळे जेवायला बसले की, आईसमोर, दादासमोर सांगणार आहे कुठलं पान जिंकलं होतं ते. वहिनी माझ्याशी बोलो न बोलो. मग तिला हेही सांगणार आहे की बाबूजींचा फोन ठीक होता.