मृगाजिनवाले मास्तर

ज्या माणसाने जन्मात एक व्याख्यान दिले नाही, एक चोपडी छापली नाही, सभेत कधी हात वर केला नाही, त्याला तुम्ही सुधारक म्हणाल काय? उत्तराची घाई करू नका. मी केली होती. एकोणिसाव्या वर्षी मी छातीठोकपणे ‘नाही’ म्हणत असे, आणि म्हणताना माझ्या काखेत चोपड्यांचा गठ्ठा असे.

कल्याणात त्यांना सगळे मृगाजिनवाले मास्तर म्हणत. ते नाव का पडले हे पुढे येईल. आधी त्यांचा कान सांगतो. मास्तरांना मोडकी बायसिकल ऐकू येत असे. ते ती जमिनीवर उलटी उभी करत, चाक फिरवत, डोळे मिटत आणि गवई तंबोऱ्याकडे मान झुकवतो तशी मान झुकवत. चाक थांबेपर्यंत कोणी बोलायचे नाही. मग डोळे उघडून म्हणत, “मागच्या चाकाचा कणा वाकलाय. पुढचा निरोगी आहे. साखळीची तीन कडी मेली आहेत. चार रुपये.” लोहाराकडे नेऊन गाडी खोलली की कणा वाकलेला निघे आणि मेलेली कडी तीनच निघत. मी हे पाच-सहा वेळा पाहिले, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा आला.

त्या दिवसांत हवेच्या रबराच्या पायगाड्या नुकत्याच निघाल्या होत्या, त्यामुळे भरीव रबराच्या जुन्या गाड्यांना कुत्रे विचारत नव्हते. ठाण्यात कुणा साहेबाची बदली झाली की बंगल्यावर लिलाव होई. लोक आरसे, टेबले, काचेची भांडी बघत उभे राहत. मास्तर सरळ पागेच्या मागे जात. तिथे गवताखाली, कोंबड्यांच्या खुराड्यावर, एकदा तर विहिरीच्या काठावर, अंगावर कपडे वाळत घातलेल्या अवस्थेत, त्यांना बायसिकल सापडली. कल्याणच्या रेल्वेच्या भंगारातून एक सांगाडा, ठाण्याहून एक चाक, तिसरीकडून हँडल, असे करून त्यांची स्वतःची गाडी उभी राहिली होती. चाकाच्या तारा तुटल्या की तात्पुरत्या छत्रीच्या काड्या. साखळीला साहेब लोक चरबी लावत. मास्तर खोबरेल लावत. थंडीत खोबरेल गोठे, म्हणून पौषात ते सकाळी साखळी काढून तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात पसरत. आतून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ओरडत, “अहो, त्या कट्ट्यावर मी दिवा लावते! साखळ्या कसल्या वाळवताय?” मास्तर म्हणत, “पातळ झाली की उचलतो.”

कल्याणातल्या एका पारशी दुकानदाराने त्यांना एकदा चकचकीत गाडी स्वस्तात देऊ केली. मास्तरांनी ती नुसती बोटाने वाजवली आणि नको म्हणाले.

“का रे मास्तर? एक ओरखडा नाय तिला!”

“म्हणूनच नको, शेठजी. ही कधी पडलेली नाही. कुठे मोडेल ते अजून तिलाच ठाऊक नाही. पडलेली असेल तर दाखवा. तिनं आपला स्वभाव दाखवलेला असतो.”

पारशी पोट धरून हसला. “अरे, बायको पन तू पडलेलीच बघून आनली काय?”

“छे. तिनं मला तसा बघून घेतला.”

आता ही सगळी धडपड कशासाठी? मास्तर सकाळी कल्याणात देवळातल्या ब्राह्मण मंडळींनी चालवलेल्या शाळेत शिकवत. पगार त्या शाळेचा. दुपारी ते कोपरच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या मिठागरावर दुसरी शाळा चालवत. पगार तिथे कुणाचाच नाही. मिठागरावर आगऱ्यांची मुले आईबापांबरोबर मीठ ओढत. ऊन डोक्यावर आले की कामाला दोन तास विसावा मिळे. दोन ते चार, एवढाच वेळ. चारला मुले पुन्हा मिठात. कल्याणाहून ते अंतर अडीच कोस; दुपारच्या त्या वेळी सोयीची आगगाडी नाही; आणि शेवटचा टप्पा मिठागराच्या बांधावरून, जिथे बैलगाडी जात नाही आणि तट्टू बिचकते. पायगाडी नसती तर ती शाळाही नसती.

त्यांना त्या बांधावरून येताना मी प्रथम पाहिले ते अजून डोळ्यांपुढे आहे. बांध जेमतेम हातभर रुंद. दोन्हीकडे पाणी, त्यापुढे मिठाचे पांढरे ढीग, बघवत नाही असे ऊन. त्या उन्हातून एक पगडी तरंगत येत होती. पगडी हनुवटीखाली दोऱ्याने बांधलेली, उपरणे कमरेला कसलेले, धोतराचा काचा मारलेला. गाडीला ब्रेक नव्हता. थांबायचे झाले की मास्तर वहाणेचा तळवा पुढच्या चाकावर दाबत. गाडी अशी करकरत होती की मुलांना वेगळी घंटा लागत नसे. “मास्तर आयला रं!” म्हणत ती झोपडीकडे पळाली. मी नास्तिकपणाचा अभिमान बाळगणारा मनुष्य. पण त्या क्षणी माझे हात आपोआप जुळले, आणि मी ते घाईने खिशात घातले.

बायजा नावाची एक म्हातारी तिथे होती. तिचा नातू पाटीवर ‘मीठ’ लिहायला शिकला तेव्हा तिने ती पाटी तीन दिवस पुसू दिली नव्हती. ती म्हणाली, “मास्तर, उपाशी कवर बरबरशील? भाकर खा आदी.” आणि मास्तर तिच्या झोपडीच्या सावलीत बसून तांदळाची भाकरी खाऊ लागले. कल्याणच्या ब्राह्मणाने आगऱ्याच्या घरची भाकरी! मला वाटले, आकाशात नगारे वाजायला हवेत. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, “सदू, मीठ दे रे जरा.”

आता ते नाव. पायगाडीची बैठक कातड्याची. कल्याणातल्या मंडळींत महिनाभर खल चालला की कातडे गाईचे की डुकराचे. गाईचे असेल तर काय पातक, डुकराचे असेल तर काय, यावर दोन पक्ष पडले. देवळात मास्तरांना बोलावून जाब विचारला. मास्तर घरी गेले, वडिलांचे संध्येचे मृगाजिन, हरणाचे कातडे, घेऊन आले, बैठकीवर पसरले आणि सुतळीने बांधले. “आपण सगळे यावरच बसून संध्या करतो ना? मग मीही यावरच बसतो.” एक वृद्ध शास्त्री हसू लपवायला खोकले.

मी मात्र चिडलो. त्यांच्या घरी जाऊन म्हणालो, “हे ढोंग आहे! खाली डुकराचं कातडं आहे हे तुम्हीच मला सांगितलंत. खरं बोलायला काय हरकत होती?”

मास्तर चाकात काडी बसवत होते. वर न बघता म्हणाले, “अरे, मला वाद जिंकायचा नाही. दोन वाजता मिठागरावर पोचायचंय.”

हे वाक्य मला तेव्हा भेकडपणाचे वाटले. मी त्यांना शूर करायचे ठरवले. चोपड्यांवर पोसलेले पोर मी. मला वाटे, जे छापले नाही ते घडलेच नाही. मी नोकरीला होतो त्या ठाण्याच्या छापखान्यात आठ पानांची चोपडी काढली: ‘कल्याणचा खरा धर्मवीर’. त्यात मिठागर आले, बायजाची भाकरी आली, डुकराचे कातडे आले. मास्तरांचे नाव मी छापले नव्हते. मृगाजिन मात्र छापले होते! कल्याण स्टेशनावर उभा राहून मी स्वतःच्या हाताने प्रती वाटल्या. मास्तरांना एका शब्दाने विचारले नाही.

आठवड्यात देवळात बैठक भरली. मी खांबाला टेकून उभा होतो, आता सिंहगर्जना होणार म्हणून कान टवकारून. तेच वृद्ध शास्त्री, यावेळी न हसता, म्हणाले, “मास्तर, आम्ही डोळेझाक केली होती. आता छापून आलंय. प्रायश्चित्त घ्या, भाकरी बंद करा, पायगाडी सोडा. नाहीतर शाळा सोडावी लागेल.”

मास्तर म्हणाले, “प्रायश्चित्त घेतो. पंचगव्य आणा, आत्ता पितो. भाकरी घरून नेईन. म्हातारी रागावेल, तिची समजूत मी काढीन. पायगाडी नाही सोडणार.”

“एका लोखंडासाठी नोकरी घालवता?”

“लोखंडासाठी नाही. दोन वाजता पोचण्यासाठी.”

मास्तरांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि ते उठले. सिंहगर्जना झाली नाही. गोमूत्र प्यायला तयार असलेला तो मनुष्य देवळातल्या साऱ्या माणसांपेक्षा उंच दिसत होता, आणि माझ्या आठ पानांत त्या उंचीचे एक अक्षर नव्हते.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा दारात काकू होत्या. त्या म्हणाल्या, “ये हो सदू. वाचलं तुझं. अक्षर सुबक छापलंयस.” एवढेच. मला कुणी चाबकाने फोडले असते तर बरे झाले असते.

मास्तरांपुढे मी रडू लागलो. क्षमा मागितली. त्यांनी मला समोर बसवले. मग म्हणाले, “तू लिहिलंस ते सगळं खरं होतं. पण ते माझं होतं. विचारायचं होतंस.” आणि मग, “क्षमा राहू दे. मला तुझी दुपार हवी आहे.”

कल्याणात त्यांना दुसरे काम मिळाले नाही. खानदेशातल्या एका शाळेचे बोलावणे आले, घर चालवायचे तर जाणे भाग होते. जाण्याआधीच्या रविवारी ते मला ठाण्याच्या एका लिलावाला घेऊन गेले. पागेच्या मागे एक गंजलेली बायसिकल होती. ती त्यांनी उलटी केली, चाक फिरवले आणि मला म्हणाले, “डोळे मीट. काय ऐकतोस?”

“काहीच नाही, मास्तर. नुसती खरखर.”

“खरखरीत एक जागा गप्प आहे. तिथे ती पडलेली आहे. तिथून सुरुवात कर.”

तीन रुपयांना ती गाडी माझी झाली. कळव्याच्या पुलापर्यंत मी चार वेळा पडलो. मास्तर मागून येत होते. एकदाही हसले नाहीत, एकदाही उचलायला उतरले नाहीत. चौथ्या वेळी एवढेच म्हणाले, “शाळा तू मोडलीस. आता तूच चालव.”

कल्याण स्टेशनावर त्यांची पायगाडी सामानाच्या डब्यात चढवली तेव्हा बैठकीवर मृगाजिन नव्हते. मी विचारल्यावर म्हणाले, “तिकडे मला कुणी ओळखत नाही. उघड्या बैठकीपासूनच सुरुवात करतो.” गाडी हलली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही, घड्याळाकडे बोट दाखवले. एक वाजायला दहा मिनिटे कमी होती. मी माझ्या पायगाडीकडे धावत सुटलो.

वाचकहो, या गोष्टीला दोन वर्षे झाली. मी अजून बांधावरून पाण्यात पडतो, मुले अजून हसतात, आणि शाळा चालू आहे. छापखान्याची नोकरी मला मंगळवारी आणि शुक्रवारी सुटका देत नाही. शुक्रवारी स्टेशनावरचे एक तारमास्तर येऊ लागले आहेत. मंगळवारी कुणी नाही. त्या दिवशी मुले दोन वाजता जमतात, बांधाकडे बघत बसतात, आणि चारला मीठ ओढायला उठून जातात. हा लेख आवडला म्हणून मला पत्र लिहू नका. डोंबिवली स्टेशनावर उतरा, कोपर गाव विचारा, तिथून खाडीच्या बाजूने बांध धरा. पायगाडी येत नसेल तर चालत या, थोडे लवकर निघा. बायजाची झोपडी कुणीही दाखवील. येत्या मंगळवारी या.