ब्रोडेनचं फूल

अल्गोट टिंगवाल स्टेशनमास्तरकीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ह्युल्टा गावात त्याला अजून सगळे मास्तरच म्हणत. गाडी बंद झाली, स्टेशनात कुणीतरी वेल्डिंगचं दुकान थाटलं, तरी मास्तर तो मास्तरच राहिला. त्याचं कारण रेल्वे नव्हती, फिब्ला होतं. रुळांच्या खडीत, खडकांच्या फटीत उगवणारं हे पिवळं रानफूल. बाकीच्या जगाला ते एकच दिसतं. पानांच्या दातऱ्यांवरून आणि देठावरच्या लवेवरून त्याच्या शेकडो जाती वेगळ्या ओळखणारी माणसं स्वीडनच्या सबंध स्मोलांड प्रांतात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या हाताचा अंगठा आपण, अशी अल्गोटची खात्री होती.

त्याच्या घरात चार कपाटं होती आणि त्यांत चार हजार कागद. प्रत्येक कागदावर वाळवलेलं एक झाड पट्ट्यांनी चिकटवलेलं, आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे मिळालं, केव्हा, जात कोणती, आणि ती ओळखणाऱ्याचं नाव. या चिठ्ठीचा एक कायदा आहे. पुढे मत बदललं तर नवी चिठ्ठी शेजारी लावायची, जुनी काढायची नाही. कुणी चुकलं असेल तर ती चूकही कागदावर राहते. हा कायदा अल्गोटने गावात एकाच माणसाला शिकवला होता. तो म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा वेर्नर ब्रोडेन.

आणि आता याच ब्रोडेनचं नाव एका फुलाला लागणार होतं.

१९७० चा फेब्रुवारी होता. वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर ब्रोडेन लोकरी टोपी घालून हसत होता. दगडखाणीमागच्या चढावर त्याला गेल्या उन्हाळ्यात सापडलेलं फिब्ला ही अगदी नवी जात आहे, असं विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या डॉ. नीमार्कांनी सांगितलं होतं. तिचं नाव ते 'ब्रोडेनी' ठेवणार होते.

"फोटो छान आलाय वेर्नरचा," अल्गोटची बायको रूट म्हणाली.

"टोपीचा छान आलाय."

"फोन कर की त्याला. अभिनंदन तरी कर."

"करीन सावकाश. पळून जातोय का तो?"

त्याने फोन केला नाही. त्याच्या पोटात दुखत होतं आणि ते दुपारच्या हेरिंग माशामुळे नव्हतं. ज्या माणसाला पन्नाशी उलटेपर्यंत फिब्ला आणि दारातलं पिवळं डँडेलियन यांतला फरक कळत नव्हता, ज्याला भिंग कसं धरायचं तेही आपण शिकवलं, तो ब्रोडेन. फुलाला स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, ते दुसऱ्याने द्यावं लागतं. चाळीस वर्षं अल्गोट त्या दुसऱ्याची वाट पाहत होता. आता तो दुसरा आला तोही शेजारच्या गल्लीत गेला.

आठवड्याने डॉ. नीमार्कांचं पत्र आलं. परिसरातल्या सगळ्याच संग्राहकांना ते गेलं होतं. खाणीमागचा चढ शरदात नव्या रस्त्यासाठी सुरुंग लावून उडवला होता, त्यामुळे झाड पुन्हा मिळणार नव्हतं. ब्रोडेनच्या नमुन्याला बुंध्याजवळची पानं नव्हती आणि त्यांच्याशिवाय जातीचं वर्णन लिहिता येत नव्हतं. त्या चढावरचं कोणतंही फिब्ला कुणाकडे असेल तर कृपया पाठवावं.

अल्गोटने तिसरं कपाट उघडलं. अर्ध्या तासात त्या चढावरचा कागद हाती लागला. तारीख १४ जून १९५८. बुंध्याची पानं पाचही शाबूत, दाते खाली वळलेले. बघताक्षणी त्याला कळलं. आणि कोपऱ्यात त्याच्याच वळणदार अक्षरात: 'केसाळ वनफिब्ला. ओळखणारा, अ. टिंगवाल.' केसाळ वनफिब्ला म्हणजे पायाखाली तुडवलं जाणारं, ढिगाने उगवणारं. बारा वर्षं नवी जात त्याच्या कपाटात होती, त्यानेच दिलेल्या चुकीच्या नावाखाली.

मास्तरची चूक. ब्रोडेन ती वाचणार, नीमार्क वाचणार. अल्गोटच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि गंमत म्हणजे राग आला तो ब्रोडेनचा.

गुरुवारी रूट चर्चच्या शिवणमंडळात गेली तेव्हा त्याने ओलं फडकं जुन्या चिठ्ठीवर दाबून धरलं. गोंद सुटला. चिठ्ठी त्याने चुलीत टाकली. मग आपलं नाव-पत्ता छापलेल्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून एक घेतली आणि लिहिलं: 'माहीत असलेल्या कोणत्याही जातीशी जुळत नाही. नवी जात? अ. टिंगवाल, १९५८.' पातळ कॉफीत बोट बुडवून तिच्या कडा जराशा पिवळ्या केल्या. लाज वाटली का? वाटली. पण तो टोपीचा फोटो आठवला की लाज मागे सरायची. संध्याकाळच्या आत कागद पोस्टात पडला.

तीन आठवड्यांनी दारात ब्रोडेन उभा राहिला, काखेत खाकी फोल्डर घेऊन. रूटने कॉफी आणि दालचिनीचे बन ठेवले आणि दोघांची तोंडं पाहून ती लोकर गुंडाळायला आतल्या खोलीत गेली.

ब्रोडेनने फोल्डर उघडून कागद टेबलावर ठेवला. "डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलाय. म्हणतात, टिंगवालांनी हे अठ्ठावन्न सालीच ओळखलेलं दिसतं. मला विचारतात, तुमची हरकत नसेल तर नाव 'टिंगवाली' ठेवू का."

अल्गोटला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चेहरा त्याने कसाबसा गंभीर ठेवला. "मग? आहे तुझी हरकत?"

"आधी मला एक सांग. तुझ्या पत्त्यात हे पाच आकडे कधी आले?"

अल्गोटने चिठ्ठीकडे पाहिलं. नावाखाली गावाचा पाच आकडी पोस्टाचा क्रमांक स्वच्छ छापलेला होता. पोस्टाने हे क्रमांक दिले ते अडुसष्ट साली.

"डॉक्टरांचं लक्ष पानांवर, त्यांना दिसलं नाही," ब्रोडेन म्हणाला. "मला दिसलं. हा गठ्ठा छापखान्यातून मीच आणून दिला होता तुला, गेल्या वर्षी."

अल्गोटने चिठ्ठीवर अंगठा ठेवून ते आकडे झाकले.

"हे झाड उपटलंस त्या दिवशी चढावर झाडं दाबायच्या फळ्या कुणी धरल्या होत्या, मास्तर?"

"तू."

"आणि मी काय म्हटलं होतं?"

अल्गोटला शब्द न् शब्द आठवत होता. तो बनचे तुकडे करत राहिला.

"मी म्हटलं, मास्तर, ह्याचे दाते खाली वळलेत, वनफिब्लाचे असे नसतात. तू म्हणालास, 'वेर्नर, तू आपल्या ऑर्गनच्या पट्ट्या सांभाळ, दाते माझ्यावर सोड.' सोडले बाबा. अकरा वर्षं त्या चढावरून ये-जा केली मी. एकदा वाकून पाहिलं नाही, कारण मास्तर म्हणाला होता. गेल्या साली बुटाची नाडी सुटली म्हणून वाकलो."

"मग लिही डॉक्टरांना. मास्तर खोटारडा आहे म्हणून लिही."

"मी नाही लिहिणार. नाव हवं असेल तर घे तू. माझी हरकत नाही, असं सही करून देतो." ब्रोडेनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण मी सगळं शिकलो ते तुझ्या कपाटातल्या चार हजार चिठ्ठ्यांवरून. आता त्यांतल्या कुठल्या खऱ्या मानू, तेवढं सांग."

ब्रोडेन कॉफी तशीच ठेवून गेला. कागद टेबलावरच राहिला.

"काय म्हणत होता वेर्नर?" रूटने आतून विचारलं.

"खरं म्हणत होता," अल्गोट म्हणाला.

बुंध्याच्या पानांचा नमुना जगात हा एकच होता. जातीचा मूळ नमुना म्हणून हाच ठेवला जाणार हे अल्गोटला कळत होतं. पुढे शे-दोनशे वर्षं ज्याला ज्याला हे फिब्ला ओळखायचं असेल तो हाच कागद बाहेर काढणार आणि कोपऱ्यातली अक्षरं वाचणार. खोटी चिठ्ठी ओल्या फडक्याने काढणं पुन्हा जमलं असतं. फडकं बादलीवरच होतं. ते त्याने मोरीत पिळून टाकलं आणि गठ्ठ्यातून दुसरी चिठ्ठी घेतली.

'शेजारची चिठ्ठी मी १९७० साली लिहिली,' त्याने लिहिलं. 'या झाडाला १९५८ साली मी केसाळ वनफिब्ला म्हटलं होतं. ती चिठ्ठी मी जाळली. अ. टिंगवाल.'

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. कागद खरा झाला होता, नाव ब्रोडेनला जाणार होतं. पण चिठ्ठीवर अजून दोन ओळींची जागा होती आणि त्या ओळी काय आहेत ते त्याला ठाऊक होतं. मत्सर गेला होता असं मुळीच नाही. नुसतं ते आडनाव लिहायचं म्हटलं तरी त्याच्या जिवावर येत होतं. चूक कबूल करणं त्यापुढे सोपं होतं, ती निदान स्वतःची होती. मग त्याने सहीच्या खाली लिहिलं:

'ही जात वेगळी आहे हे त्याच दिवशी, चढावरच, वे. ब्रोडेन यांनी ओळखलं होतं. मी ऐकलं नाही.'