नेढ्यातला गुलाबी दोरा

नव्वदच्या सुमारास लग्न होऊन मी सुरतेला आले, तेव्हा भेस्तानच्या आमच्या गल्लीत घरोघरी बायका साड्यांवर टिकल्या लावायच्या. सासूबाईंचा नियम कडक: सुई पडली की ती सापडेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. एका दुपारी माझी सुई पडली. थोडा वेळ चाचपलं, मग कंटाळून ठोकून दिलं, "सापडली!" आणि गुपचूप डब्यातली दुसरी घेतली.

दोन दिवसांनी आमच्या दारात बसणारा कुत्रा तीन पायांवर लंगडत आला. मी लगेच पदर खोचला आणि समोरच्या लूमवाल्यावर तुटून पडले. "तुमच्या कारखान्यातल्या तारा रस्त्यावर फेकता! मुक्या जिवाचा पाय गेला ना!"

तो बिचारा गुजराती माणूस. "माफ करो, बेन" म्हणत कोमट पाणी घेऊन आला. कुत्रा चावू नये म्हणून त्यानं त्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि त्याला घट्ट धरून ठेवलं. मी पंजा धुतला. चिखल गेला, तसं बोटांच्या मधे काहीतरी चमकलं. चिमट्यानं हळूच ओढलं.

तार कसली, सुई होती! नेढ्यात गुलाबी दोरा. त्या आठवड्यात गुलाबी साड्या अख्ख्या गल्लीत फक्त आमच्याकडे होत्या.

मी सुई मुठीत लपवली. लूमवाला अजून माफी मागतच होता. उंबऱ्यात उभ्या सासूबाई मात्र आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "आते सापडनी ना सुई?"