ताईंचे तळहात

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. औषधाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत त्या मसाज थेरपी करायच्या. ‘मालिशवाल्या बाई’ म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे. बाहेरच्या खोलीत मी बसायचे, फोन घ्यायचे आणि आत काय होणार आहे ते येणाऱ्यांना समजावून सांगायचे. हे शेवटचं काम सगळ्यात डोकेदुखीचं. लोकांच्या मते मसाज म्हणजे एक तर श्रीमंती चोचले, नाहीतर काहीतरी चावट. पहिल्यांदा आलेला माणूस तर दात उपटून घ्यायला आल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा.

मग माझी टकळी सुरू व्हायची. आधी ताई तुमच्याशी बोलतील. कुठं दुखतं, कधीपासून, कुठली औषधं चालू आहेत, सगळं खरं सांगा, लाजू नका. मग त्या बाहेर येतील. तुम्हाला संकोच वाटणार नाही एवढेच कपडे काढा आणि चादरीखाली पालथे झोपा. जिथं काम चाललंय तेवढ्याच भागावरची चादर सरकते, बाकी सगळं झाकलेलं. दुखलं तर दातओठ खात पडून राहू नका, तोंडानं सांगा. उद्या अंग थोडं ठणकेल, त्याला घाबरू नका. आणि झोप लागली तर खुशाल लागू द्या, तुमचं घोरणं माझ्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही. एवढं ऐकलं की बहुतेक जण हसायचे आणि चपला काढायचे.

घोरणाऱ्यांसारखे रडणारेही असायचे. खांद्यावर हात पडताच धाय मोकलून रडलेली एक नर्स मला आठवते. ताईंनी तिला काही विचारलं नाही, हात तसाच ठेवून त्या थांबून राहिल्या. ताईंनी लग्न केलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या पाठीवर यांचा हात, यांच्या पाठीवर मात्र कुणाचाच नाही, असं मनात येऊन मला वाईट वाटायचं. बोलून दाखवायची मात्र सोय नव्हती, त्यांनी मला फाडून खाल्लं असतं.

त्यांची एक पद्धत होती. माणूस चादरीखाली झोपला की तेलाला हात लावण्याआधी त्या दोन्ही तळहात त्याच्या अंगावर नुसते टेकवायच्या. कुठं ताठ आहे, कुठं गार, कुठं गरम, हे बघायचं. गरम लागलं की तिथं काम बंद, आधी डॉक्टर. पोटरीच्या बाबतीत तर फारच जपायच्या. बराच वेळ बसून प्रवास केला की कधी कधी पायात रक्ताची गुठळी होते. ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाते आणि माणूस टेबलावरच जातो. शिकत असताना त्यांच्या मनावर हे असं बिंबवलं होतं की दोन्ही पोटऱ्या ताडून बघितल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या पायाला तेल लावलं नाही.

आणि एक दिवस आतून एक बाई किंचाळली, “अहो, भाजलं!”

तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवायची, तळहातावर थोडं ओतून बघायचं आणि मग पाठीवर घ्यायचं. ताईंनी ओतून बघितलं होतं. त्यांना ते कोमटच लागलं होतं. त्या बाईची पाठ लाल झाली. त्यानंतर ताई बाटली बाहेर आणून माझ्यापुढे धरायला लागल्या, “बघ गं जरा, ठीक आहे का?” मी काय दूधखुळी नव्हते. हात धरून त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

मानेतल्या नसा दबल्या होत्या, त्यात रक्तातल्या साखरेनं भर घातली होती. हातांची संवेदना गेली होती ती परत येईलच असं नाही, हे काम थांबवा, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. ताईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा ॲप्रन चढवला.

मी चिडले. “ताई, कुणाला काही झालं म्हणजे?”

“डोळे आहेत ना मला? विचारते ना मी सगळ्यांना?”

“डोळ्यांना गरम दिसतं का?”

“मग काय करू? घरी बसून तुझ्या भाज्या निवडू?” त्यांचा आवाज चिरकला. “मला दुसरं काय येतं गं? आणि तुझ्या नवऱ्याला यातलं एक अक्षर सांगायचं नाही.”

मी नाही सांगितलं. पण आतला दरवाजा लागला की माझा जीव टांगणीला लागायचा.

आमचा म्हातारा शिंपी दर महिन्याला यायचा. जन्मभर मशिनवर वाकून त्याच्या पाठीची कमान झाली होती. त्या दिवशी तो लेकीकडून लांबचा प्रवास करून परतला होता आणि जरा लंगडत होता. “आज पाठ राहू दे,” तो म्हणाला, “पोटरी धरलीय. चांगली रगडून द्या.” ताई त्याला आत घेऊन गेल्या.

थोड्या वेळानं दरवाजा उघडला. ताई दारात उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

“आत ये.”

माणूस टेबलावर असताना तिसऱ्यानं आत जायचं नाही, हा त्यांचाच नियम. मी जागची हलेना.

“ये म्हणते ना! मी विचारलंय त्यांना.”

शिंपी पालथा पडला होता. गुडघ्याखालचे पाय तेवढे उघडे होते. वरवर बघता दोन्ही सारखेच. ताईंनी आपले तळहात पुन्हा टेकवले, डोळे गच्च मिटले, उचलले, परत टेकवले.

“मला कळत नाहीये,” त्या म्हणाल्या. शिंप्यासमोर, मोठ्यानं. “तू सांग.”

मी हात ठेवले. उजवी पोटरी माणसाच्या पोटरीसारखी. डावी चांगलीच तापलेली.

“डावी गरम आहे, ताई.”

“हात काढ,” त्या म्हणाल्या. “काका, उठू नका, पाय हलवू नका. आम्ही गाडी बोलावतोय.”

गुठळीच निघाली. चोळलं असतं तर काही खरं नव्हतं, असं दवाखान्यात सांगितलं. ताईंनी त्याच संध्याकाळी भावाला समोर बसवून सगळं सांगितलं आणि नेहमीच्या लोकांना स्वतः फोन करून काम बंद केल्याचं कळवलं. कारण विचारलं की लपवलं नाही. रडल्या नाहीत. मीच रडले, आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली.

खोल्या रिकाम्या करायला आम्ही गेलो होतो. टेबल नेणारी माणसं यायची होती, ताई टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. एवढ्यात शिंपी आला. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. काठी भिंतीला लावून त्यानं ताईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कुणी ताईंचा हात असा धरलेला मी कधी बघितला नव्हता. ताई हसून म्हणाल्या, “काका, औषध वेळेवर घ्या बरं.” तो डोळे पुसत गेला.

दरवाजा लागल्यावर ताई तो हात तसाच पुढे धरून उभ्या राहिल्या.

“गार होते का गं त्यांचे हात, की गरम?”

मी शिंप्याच्या हातांना हात लावला नव्हता.

“गरम होते,” मी म्हणाले.