आईनं हात केला ती गाडी

आमचे वडील शाळामास्तर. नागरिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे आमच्या घरात लोकशाही होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं जायचं, हे ते सगळ्यांना विचारून ठरवत. आई, मी आणि धाकटी बहीण चटईवर बसायचो, वडील खुर्चीवर. बहिणीला समुद्र पाहायचा असे, मला औरंगाबादेत आइस्क्रीम खायचं असे. आई दरवर्षी एकच सांगे, वेरूळची लेणी. वडील सारं मन लावून ऐकत, सर्वांचे विचार उत्तम असल्याचं जाहीर करत आणि एकमतानं कुंभार पिंपळगाव ठरे. तिथं आमची आत्या राहायची. आईनं आपल्या चुलीऐवजी आत्याच्या चुलीपुढं बसायचं, एवढाच तिचा हवापालट.

मी आठवीत होते त्या वर्षीही असंच एकमत झालं. सकाळीच पत्र्याची ट्रंक घेऊन आम्ही वडीगोद्रीच्या फाट्यावर उभे राहिलो. पिंपळगावच्या गाडीला अवकाश होता, म्हणून वडील समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेले. आम्हांला विचारायचं तेवढं राहून गेलं.

तेवढ्यात औरंगाबादची गाडी आली. आईनं हात केला, आम्हां दोघींना आत ढकललं आणि स्वतः चढली. वडील कपबशी घेऊनच रस्त्यावर आले.

"अगं, ही आपली गाडी न्हाई."

"आम्ही तिघी हिच्यानंच चाललो," आई म्हणाली. "तुम्हाला यायचं तर ट्रंक घेऊन या."

वडिलांनी न्यायाच्या अपेक्षेनं कंडक्टरकडं पाहिलं. कंडक्टरनं घंटी वाजवली. मग नागरिकशास्त्राचे शिक्षक ट्रंक खांद्यावर घेऊन धावले. पाचोडपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत. पाचोड मागं पडल्यावर मात्र, मुलींना लेणी दाखवायचं आपल्या कधीपासून मनात होतं, असं शेजारच्या प्रवाशाला सांगू लागले.

रात्री औरंगाबादेत मावशीकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वेरूळला पोचलो. वडील खांबाखांबापुढं व्याख्यान देत होते. आई दहाव्या लेण्यात शिरली आणि भल्यामोठ्या बुद्धमूर्तीपुढं गार दगडावर बसली. बराच वेळ उठेना. परतीची गाडी जाईल, असं वडील दोनदा सांगून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा ती मूर्तीवरची नजर न काढता म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी बसून राह्यले जराशी."

वडील तसेच उभे राहिले. मग टोपी काढून तिच्याशेजारी बसले. व्याख्यान संपलं होतं. गाडी केव्हा गेली, ते आम्हांला बाहेर आल्यावर कळलं.